बचावफळीतली बाई

मी बाई आहे, आणि 'मी आलो', 'मी गेलो', 'मी जेवलो' असंच बोलतो. कोल्हापूरची आहे मी. आमच्याकडं आई असंच बोलते, आजी असंच बोलायची, आणि त्यांना कुणी कधी पुरुष समजलं नाही. पुण्यात फिजिओथेरपी शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेलच्या मुली पोट धरून हसायच्या. थोडे दिवस मीही 'आले', 'गेले' म्हणून बघितलं. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं व्हायचं. मग सोडून दिलं. इथंही तसंच लिहिणार आहे, वाचणाऱ्यानं तेवढं चालवून घ्यावं.

सिडनीत क्वेकर्स हिलला राहतो आणि जवळच्याच एका क्लिनिकमध्ये काम करतो. गुडघे, घोटे, खांदे. शनिवारी खेळून सोमवारी लंगडत येणारी माणसं, हाच आमचा धंदा. ज्या वर्षाचं हे सांगतोय त्या वर्षी माझा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. ऑफिसात मीटिंगला बसल्या बसल्या गेला. लोकांनी डबे आणले, मी ते खाल्ले, भांडी धुऊन परत दिली. रडू आलं नाही. माझी जीपी, म्हणजे नेहमीची डॉक्टर, म्हणाली, "गिव्ह इट टाइम." मी म्हटलं, "नो वरीज." खरंच काही वरी नव्हती. काहीच नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर आपण आपलाच गाल चावतो आणि कळत नाही, तसे दिवस चालले होते. हात मात्र नीट चालायचे. कुठला स्नायू कुठं आखडलाय ते हातांना बरोबर समजायचं, त्यात माझी काही गरज लागत नव्हती.

अशा एका सोमवारी ती आली. रिसेप्शनवरची पोरगी आत येऊन कुजबुजली, "सर म्हणू की मॅम?"

"तिलाच विचार की," मी म्हटलं.

दारातून आत येताना तिला मान किंचित वाकवावी लागली. खांदे रुंद, केसांचा उंच अंबाडा, नखांना नारिंगी रंग, आणि डावा गुडघा नारळाएवढा सुजलेला. टेबलावर बसली आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून ती सेंटर बॅक खेळते, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. पुरुषांच्या संघात. पण ती बाई आहे, त्यांच्या रीतीची बाई. त्यांच्याकडं फाअफाफिने असा शब्दच आहे, त्याचा अर्थ 'बाईच्या रीतीनं'. जन्माला मुलगा म्हणून येतात आणि वाढतात बाईच्या रीतीनं, घरात, गावात, चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी आ वासून बघत नाही. एवढं सांगून तिनं हनुवटी वर केली. "एनी प्रॉब्लेम?"

"गुडघा दाखव," मी म्हटलं.

मला वाटतं त्या दोन शब्दांवरच आमचं जमलं. खरं तर मी चांगुलपणा वगैरे काही करत नव्हतो. मला सुजलेल्या गुडघ्यापलीकडं काही दिसतच नव्हतं तेव्हा.

लिगामेंट फाटलं होतं, पण पूर्ण तुटलं नव्हतं. ऑपरेशन टळण्यासारखं होतं, नीट व्यायाम केला तर. ती एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना उठवायचं-बसवायचं काम करायची आणि तिथली शिफ्ट संपवून आमच्याकडं यायची. मी कोल्हापूरची म्हटल्यावर फुटबॉल आलाच. तिथं तालमी-तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि माझे वडील आमच्या तालमीच्या संघाचे एवढे कट्टर, की संघ हरला तर त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्यामुळं तिचं बोलणं मला कळायचं. इतर फिजिओ 'हाऊ वॉज युअर वीकेंड' विचारून गप्प बसायचे. मी विचारायचो, तो दुसरा गोल पडला तेव्हा तू कुठं कडमडली होतीस?

अशी तिची सगळी कारकीर्द मी तिचा पाय हातात धरून ऐकली. शाळेत असतानाच तिला राष्ट्रीय संघात बोलावलं. तिथल्या कोचनं पहिल्या दिवशी तिच्याकडं बघितलं आणि सगळ्यांत आडदांड फॉरवर्डला तिच्या अंगावर सोडलं. ती पडली, उठली, परत पडली. तिसऱ्या खेपेला तो पडला. दुसऱ्या दिवशी तिची जर्सी बाकावर ठेवलेली होती. त्यांचा देश एवढासा, संघ कायम हरणारा. टोपलीभर गोल खाऊन परत यायचे. परक्या देशात प्रेक्षक तिला बघून शिट्ट्या मारायचे, घाणेरडे आवाज काढायचे. मग त्यांचा गोलकीपर, एक अवाढव्य माणूस, मॅचच्या आधी समोरच्या फॉरवर्डजवळ जाऊन शांतपणे सांगायचा, "ती माझी बहीण आहे. टॅकल करायचं तर कर, तोंड उघडू नकोस."

हॉटेलात बाकीच्यांना दोघांदोघांत खोली आणि तिला एकटीला वेगळी. पहिल्यांदा तिला ते लागलं. पण एकदा असं झालं की एसी फक्त तिच्याच खोलीतला चालू होता. सगळी पोरं उशा घेऊन तिच्या जमिनीवर येऊन पडली. "बायकांच्या खोलीत यायचं तर दार वाजवून यायचं," असं ती ओरडायची, आणि ते राक्षसासारखे गडी खरंच बाहेर जाऊन दार वाजवून परत यायचे. हे सांगताना ती एवढी हसली की पाय माझ्या हातातून निसटला.

"आणि औषधं?" एकदा मी विचारलं. हार्मोन्सच्या औषधांबद्दल विचारत होतो. विचारायला नको होतं कदाचित, पण आमच्या धंद्यात शरीराबद्दल विचारायची लाज उरत नाही.

तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, लहानपणापासून तेच हवं होतं. डॉक्टरशी पहिलं बोलणं पार विशीत झालं. पण औषधं घेतली की स्नायूंची ताकद उतरणार, आणि मग त्या आडदांड फॉरवर्डांच्या अंगावर जाता येणार नाही. म्हणजे संघ सुटला. बायकांच्या संघात जायचं तर नियम वेगळे, तपासण्या वेगळ्या, आणि तिच्या बेटावर तेव्हा बायकांचा संघ नावापुरताच. मग तिनं ठरवलं, ही स्पर्धा झाली की सुरू करायचं. मग पुढची आली. मग त्याच्या पुढची. आता तिशी उलटली होती. वर्ल्ड कपची यंदाची पात्रता फेरी शेवटची, असं तिनं आईला, डॉक्टरला आणि स्वतःला सांगितलं होतं. नव्या कोचनं तिला कप्तान करायचं कबूल केलं होतं. एकदा दंडावर कप्तानाची पट्टी बांधून मैदानात उतरायचं, आणि परत आल्या आल्या औषध सुरू. तेवढ्यात सिडनीच्या एका साध्या लीग मॅचमध्ये गुडघा वळला.

"एकच स्पर्धा," ती म्हणाली. "तेवढा टिकव."

मी मान हलवली. आम्ही नवराबायको असंच बोलायचो. पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, झाली की, घर झालं की, सिटिझनशिप झाली की महिनाभर कोल्हापूरला जाऊन राहू, रोज मॅच बघू. मला हे त्या क्षणी आठवलं, पण आतून काही हललं नाही. मी तिला सांगितलं, पंधरा वेळा पाय उचल, घाई करू नकोस.

व्यायाम मोजताना मी नकळत मराठीत मोजायचो. ती ते शिकली. मग माझं माझ्या आईशी फोनवरचं बोलणं ऐकून एकेक शब्द उचलायला लागली. 'बास', 'लई', 'नाद खुळा'. निघताना मी तिला एकदा सांगितलं, आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, म्हणजे परत येणार. तिला हे फारच आवडलं. त्या दिवसापासून घरी जाताना दारातून ओरडायची, "मी येतो!" रिसेप्शनवरची पोरगीही मग तिला 'येतो' म्हणायला लागली.

जानेवारीत कॅसल हिलला राहणाऱ्या माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि आत काळ्या साड्या. ती मला म्हणाली होती, "तू येच गं, आपण असलं काही मानत नाही." असलं म्हणजे विधवा-बिधवा. मी माझ्या या पेशंटला बरोबर नेलं. माझीच एक काळी साडी नेसवली. ती तिला नडगीपर्यंतच पोहोचली, पण ठसका असा की सगळ्या बायका बघत राहिल्या. मैत्रिणीनं तिला बसवलं, कौतुकानं हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. मग कुंकवाचं बोट माझ्याकडं आलं आणि कपाळाच्या अलीकडं हवेत थांबलं. अगदी क्षणभर. मग तिनं घाईनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सरबताची चौकशी करत आत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तिळगूळ खाल्ला. गूळ जरा कडक झाला होता.

निघताना ही दारात उभी राहून, सगळ्यांना हात जोडून, छान सराव केलेलं वाक्य बोलली, "मी येतो!"

बायकांमध्ये हशा पिकला. मैत्रीण प्रेमानंच म्हणाली, "नो नो डिअर, से येते. येतो इज फॉर मेन."

गाडीत बसलो. तिनं एसी लावू दिला नाही. खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "इतके महिने तू मला पुरुषासारखं बोलायला शिकवलंस."

"नाही, अगं..."

"मी तुझ्या क्लिनिकमध्ये रोज ओरडते. रोज. आणि तू ऐकून घेतेस. मला वाटलं तू एकटी अशी आहेस जिला फरक पडत नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅचमध्ये शिट्ट्या मारतात ते तरी समोर मारतात."

मी गाडी बाजूला घेतली. सांगून पटणार नव्हतं. म्हणून सरळ आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, जेवलीस काय?"

"जेवलो की मगाशीच," आई म्हणाली. "आता जरा देवळात जाऊन येतो म्हणतोय. शेजारीण पण येतो म्हणालीया. तू काय करालीस?"

"काही नाही. असंच. ठेवतो."

मी तिला शब्द शब्द फोडून सांगितला. माझी आई. सत्तरीची. नऊवारी नेसते. जेवलो, जातो, येतो. शेजारीणसुद्धा. आमच्या गावात बायका अशाच बोलतात, आणि पुण्याच्या बायका त्याला हसतात, मला हॉस्टेलवर हसायच्या तशाच. मी तुला माझी भाषा दिली, दुसरी मला येतच नाही.

तिनं फोनकडं बोट केलं. "म्हणजे तुमच्या गावात बायका पुरुषांच्या रीतीनं बोलतात, आणि बायकाच असतात?"

"होय."

"आणि कुणाला काही वाटत नाही?"

"तिथं कुणाला कळतही नाही की यात काही वाटण्यासारखं आहे."

मग ती हसायला लागली. साडीच्या पदरात तोंड खुपसून, गाडी हलेपर्यंत हसली. "मग मी तुमच्याच गावची," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, पदरानं डोळे पुसत, "त्या बाईनं तुझ्या कपाळाला हात नाही लावला. मी बघितलं." मी गाडी सुरू केली. तिनं बघितलं याचं मला बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, एवढं मात्र मला त्या वेळी कळलं.

स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा मी तिची परीक्षा घेतली. एका पायावर उडी मारायची आणि त्याच पायावर उतरायचं, गुडघा सरळ राहिला पाहिजे. उजवा राहिला. डावा प्रत्येक वेळी आत कोसळत होता.

"आज डबल शिफ्ट झालीये," ती म्हणाली. "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी बघितलं. पुढच्या आठवड्यात बघितलं. तेच. मैदानात एखादा फॉरवर्ड गर्रकन वळला आणि ही त्याच्याबरोबर वळली, की लिगामेंट तुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तुटलं की ऑपरेशन. आणि तिच्या डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं की ऑपरेशन आलं तर औषधं आणखी पुढं ढकलावी लागतील.

"कोच तुला फोन करणार आहे," ती म्हणाली. "फिट आहे म्हण. एवढंच."

"नाही म्हणणार."

"एक मॅच. कप्तानाची पट्टी बांधून एक मॅच खेळते, मग पाय तोडून टाक."

"तू फिट नाहीस. मी विचारणाऱ्याला तेच सांगणार."

ती टेबलावरून उतरली. उभी राहिली की ती माझ्यापेक्षा दीड हात उंच. "तुला कळणारच नाही. तुला कशाचं काही वाटतच नाही! नवरा गेल्याचंसुद्धा तू बस चुकल्यासारखं सांगतेस!"

"होय, नाही वाटत!" मी ओरडलो. क्लिनिकमध्ये मी कधी ओरडलो नव्हतो, पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. "कारण आम्ही पण हेच करत बसलो होतो! पीआर होऊ दे, घर होऊ दे, मग जाऊ. गेलो मी कोल्हापूरला. अस्थी घेऊन, एकटी. मॅच चालू होती ग्राउंडवर, आवाज येत होता घरापर्यंत, आणि मी खिडकी लावून घेतली. तू पार विशीपासून 'एवढी स्पर्धा' म्हणतीस. कधी संपणार तुझी स्पर्धा? मेल्यावर?"

ती दार आपटून गेली. येतो म्हणाली नाही. मी पुढचा पेशंट घेतला. एका शाळकरी पोराचा घोटा होता. मी पट्टी दोनदा उलटी गुंडाळली, आणि पोराच्या आईनं विचारलं, "आर यू ओके, लव्ह?" मी रागात होतो. तिच्यावर, नवऱ्यावर, स्वतःवर. राग होता, पण निदान काहीतरी होतं.

आठवडाभर ती फिरकली नाही. मग एका दुपारी अपॉइंटमेंट नसताना आली, बाहेरच्या बाकावर बसली आणि मला हात करून शेजारी बसवलं. कोचला तिनं स्वतःच फोन लावला. तिच्या भाषेत बोलली, मला एक शब्द कळला नाही. सुरुवातीला आवाज ठणठणीत होता. मग पलीकडचा माणूस बोलत राहिला आणि ही नुसती हूं, हूं करत राहिली. नखांवरचा नारिंगी रंग खरवडून काढत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याला वाईट वाटलं. पण एक नवीन पोरगा आहे म्हणे. उंच आहे. वेगवान आहे." मग म्हणाली, "आयुष्यभर वाटायचं, काढतील तर मी अशी आहे म्हणून काढतील. म्हातारी सेंटर बॅक म्हणून जाईन असं कधी वाटलं नव्हतं."

मी तिचा हात धरून बसलो. त्याच आठवड्यात तिनं औषध सुरू केलं. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, काहीच वाटत नाही, डोकेदुखीवरची पॅनाडॉल घेतल्यासारखं. एवढी वर्षं वाट बघितली तर निदान घंटा तरी वाजायला हवी होती.

त्यांची पहिली मॅच शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, होती. क्लिनिक बंद झाल्यावर आम्ही दोघींनी ती माझ्या फोनवर बघितली, टेबलावर पाय सोडून. राष्ट्रगीताला ती उठून उभी राहिली, म्हणून मीही राहिलो. नवीन पोरगा चांगला होता. घाबरट होता, पण चांगला. "वळ! वळ, गाढवा, मागं बघ!" ती फोनवर ओरडत होती. दुसऱ्या गोलला तो चुकला तेव्हा तिनं डोळे झाकून घेतले. शेवटी शेवटी त्यानं एक बॉल घसरत जाऊन असा काढला की तिनं टाळ्या वाजवल्या. चार गोलनी हरले. मैदानातले गडी कमरेवर हात ठेवून उभे होते. तिनं फोन पालथा घातला आणि नेहमीच्या सवयीनं टेबलावर आडवी झाली. मीही सवयीनं गुडघा हातात घेतला.

आमच्याकडं प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी विचारतात, हे बरं करून तुम्हाला काय करायचंय? कुणाला धावायचं असतं, कुणाला नातवाला उचलायचं असतं. तिनं तेव्हा जे सांगितलं होतं ते आता संपलं होतं.

"आता हा कशासाठी बरा करायचा?" तिनं छताकडं बघत विचारलं.

मी गुडघा वाकवला, सरळ केला. खरं होतं तेच बोललो.

"चालायला."

मग ती रडली, मोठ्यानं, बाहेरच्या पार्किंगपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं, तोंडावर हातसुद्धा न घेता. मला तिची लई माया आली. रडू मात्र आलं नाही. मी टॉवेल शोधत इकडं तिकडं बघत राहिलो. तो माझ्याच खांद्यावर होता. शेवटी तिनंच हात लांब करून तो ओढून घेतला, तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि उठून बसली.

"मग चालव," ती म्हणाली.

मी तिला उतरवून घेतलं. आधी टाच, मग चवडा, नजर समोर, मी सांगत होतो, आणि ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली आणि वळून परत आली.